मुखेडचे चाळीस टक्के

१

सोमवारी सकाळी मलप्पाने रेकॉर्ड रूमच्या रॅकवरून फाईल उचलली आणि तो तिथेच थांबला. अठ्ठावीस वर्षं तो हलगरे फूड्सच्या फायली वर-खाली करत होता. कुठली फाईल किती जड, हे त्याच्या मनगटाला पाठ होतं. ही फाईल चांगली दोन किलोची. आज ती लागली वहीएवढी.

त्याने दोरी सोडली. आत दहा-बारा कोरे कागद होते. बाकी काही नाही.

लातूरच्या एमआयडीसीतल्या त्या ऑफिसात पाच मिनिटांत गलका झाला. फाईल साधी नव्हती. सहा वर्षांपूर्वी हलगरे फूड्सने मुखेडची 'शिवमूर्ती ऑइल्स' ही सोयाबीन तेलाची कंपनी साठ टक्के विकत घेतली, त्या खरेदीचे सगळे कागद तिच्यात होते. कंपनीची जमीन, यंत्रं, गोदामं त्या दिवशी किती किमतीची होती, याचा मूल्यांकन अहवालही तिच्यातच. उरलेले चाळीस टक्के शिवमूर्तींच्या विधवा पत्नीकडे, नागम्मांकडे, राहिले होते. आता हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीला शिवमूर्ती ऑइल्स पूर्ण हवी होती. म्हणून येत्या शुक्रवारी नागम्मा आपले चाळीस टक्के हलगरेंना विकणार होत्या. हैदराबादच्या वकिलांनी सहीआधी ती फाईल बघायला मागितली होती.

मालक अमरेश हलगरे खाली आला. बेचाळिशीचा, बोलायला मोकळा, पण रागाला लवकर चढणारा माणूस. त्याच्या मागे हिशेब विभागाचे प्रमुख भुजंगराव. त्यांनी कोरे कागद एकेक करून उलटे-सुलटे पाहिले आणि परत ठेवले.

"रजिस्टर आण," अमरेश म्हणाला.

मलप्पाने रजिस्टर उघडलं. त्या फाईलपुढची शेवटची सही पाच तारखेची होती. वर्षाराणी. हिशेब विभागात चार वर्षांपासून काम करणारी, हुशार, कमी बोलणारी मुलगी.

आणि नागम्मांच्या सख्ख्या बहिणीची लेक.

"आता कळलं," अमरेश म्हणाला. "सौदा अडवायचा, म्हणजे भाव वाढवून मागता येतो. तिला सांगा, घरी जा म्हणावं. शुक्रवारपर्यंत कागद आले नाहीत तर मी पोलिसात देणार."

२

नांदेडला वजिराबादेत सिंधु भोसीकरांचं ऑफिस आहे. त्या चार्टर्ड अकाउंटंट. वय अठ्ठावन्न, घर विष्णुपुरीला, डोळ्यांवर जाड चष्मा आणि हातात कायम शिसपेन्सिल. लोक त्यांच्याकडे दोनदा येतात असं त्या म्हणत: भागीदारी करताना आणि भागीदारी मोडताना. मधल्या काळात कुणाला हिशेबाची आठवण होत नाही.

मंगळवारी दुपारी नागम्मा त्यांच्यासमोर बसल्या होत्या. पासष्टीच्या, कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. बसल्याबरोबर त्यांनी पिशवीतून सौद्याचा मसुदा काढून टेबलावर ठेवला.

"ताई, ह्यो कागद बघा. पण मी पैशासाठी आलेली न्हाई," त्या म्हणाल्या. "पाच कोटी देऊन राहिलेत. मला एकटीला लई झाले. मी सही करणारच हाय. पण माझ्या लेकराला चोर म्हणून घरी बसवलंय. तिचं लग्न व्हायचंय. चोर हा शब्द चिकटला की निघत न्हाई."

सिंधुताईंनी मसुदा वाचला. "पाच कोटी हा आकडा कुठून आला?"

"करारातच लिव्हलंय. मी कधी विकलंच तर हलगरेंच्या वहीत माझ्या हिश्श्यापुढं जो आकडा असंल, तो भाव. भांडण नको म्हणून आमच्या मालकांच्या भावानं तसं लिव्हून घेतलं."

मसुद्याच्या मागे एकपानी हिशेब होता. खरेदीच्या दिवशी नागम्मांचा हिस्सा, चार कोटी. त्यानंतर सहा वर्षांच्या नफ्यातला वाटा, एक कोटी. एकूण पाच. खाली भुजंगरावांची सही, वळणदार, एकाही अक्षराला घाई नसलेली.

"वर्षाराणी काय म्हणते?"

"कायच म्हणत न्हाई," नागम्मा म्हणाल्या. "मुखेडला माझ्याकडं येऊन बसलीय. फाईल परत दिली, एवढंच सांगती. का काढलीस म्हणलं की खाली बघती. ताई, खोटं बोलणारं लेकरू न्हाई ते. पण कायतरी दडवून राहिलंय."

सिंधुताईंनी चष्मा काढून पुसला. "उद्या लातूरला जाऊ. तुम्हीही चला. तुमचे चाळीस टक्के आहेत, तुम्हाला कुणी दारात अडवू शकत नाही."

"मला?" नागम्मा म्हणाल्या. "सहा वर्षांत मी तिथं चहा पिऊन परत आले, ताई. दुसरं कायच केलेलं न्हाई."

३

अमरेशने दोघींना केबिनमध्ये बसवलं, नागम्मांना वाकून नमस्कार केला आणि लगेच भांडायला लागला.

"काकू, तुमचा मान आहे. पण तुमच्या भाचीने मला हैदराबादवाल्यांपुढे उघडं पाडलं."

"ते बघू," सिंधुताई म्हणाल्या. "मला समूहाचे एकत्रित ताळेबंद हवेत. खरेदी झाली त्या वर्षापासूनचे सगळे."

अमरेशने मागच्या कपाटातून छापील अहवालांचा गठ्ठा काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. "घरी न्या. मला त्यातलं पहिलं पान कळतं, फोटोचं. पुढचं भुजंगरावांना. बँकवाले विचारतात, गुडविल किती? मी सांगतो, दोन कोटी फक्त. ते खूश होतात. कमी असलं की बरं असतं म्हणे."

"आणि या वर्षीचा मसुदा?"

"तोही घ्या."

भुजंगरावांची खोली लहान आणि नीटनेटकी होती. वय बासष्ट, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. हलगरेंची नुसती डाळमिल होती त्या काळात मुनीम म्हणून लागले, मग रात्रशाळेत शिकून कॉमर्सचे पदवीधर झाले. लातूरच्या बाजारात एक म्हण होती: भुजंगरावांनी बेरीज मारली की पुन्हा मोजायची नाही.

"गुडविल म्हणजे बघा मॅडम," ते म्हणाले आणि मग स्वतःच थांबले. "तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही शिकवणाऱ्या."

"सांगा की. या नागम्मांना ऐकायचंय."

भुजंगरावांनी नागम्मांकडे पाहिलं नाही. "आपण अकरा कोटी दिले. मालमत्तेतला जो हिस्सा आला त्याच्यापेक्षा जास्त दिले, ते जास्तीचे म्हणजे नावलौकिकाचे. ते आले दोन कोटी."

"आणि मूल्यांकन कितीचं होतं? अहवाल गेला, पण तुम्हाला आठवत असेल."

"दहा कोटी," भुजंगराव लगेच म्हणाले. "पाठ आहे मला. दहाचे चाळीस टक्के चार. म्हणून काकूंचा हिस्सा चार."

सिंधुताईंनी पेन्सिलीने दोन आकडे टिपले आणि आभार मानले.

जाता जाता त्या रेकॉर्ड रूमपाशी थांबल्या. मलप्पा स्टुलावरून उठला.

"वर्षाराणीने फाईल परत दिली तेव्हा कुणी घेतली?"

"म्याच घेतली की. त्याच संध्याकाळी."

"जड होती?"

"होती की जड. दोन्ही हातानं वर ठेवली."

"हे साहेबांना का नाही सांगितलं?"

मलप्पाने खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. "मला कुणी इचारलंच न्हाई, मॅडम. रजिस्टर आण म्हणले, आणलं."

"या खोलीच्या किल्ल्या किती?"

"तीन. एक माझ्याकडं, एक अमरेश सायबाकडं, एक भुजंगरावांकडं. बाकी समद्यांना सही करावी लागती. किल्लीवाल्यांची सही कोण घेणार?"

म्हणजे ज्या रजिस्टरने वर्षाराणीला चोर ठरवलं, त्यानेच ती सुटत होती. जिच्याकडे किल्ली नाही ती सही करूनच आत जाते, आणि तिने जड फाईल परत दिली होती. फाईल हलकी केली ती किल्ली असलेल्या तिघांपैकी एकाने.

४

मुखेडच्या वाटेवर चाकूरला त्यांनी चहासाठी गाडी थांबवली. हॉटेलात दुपारची सुस्ती होती. सिंधुताईंनी अहवाल टेबलावर पसरले आणि पेन्सिल काढली.

"ताई, ते गुडविल मला कायच समजलं न्हाई," नागम्मा म्हणाल्या. "माझंच हाय न्हवं त्यात? मग मला कळू द्या की."

सिंधुताईंनी चहाच्या बिलाचा कागद उलटा केला. "समजा मुखेडच्या बाजारात एक दुकान आहे. जागा, माल, तराजू, सगळं मिळून शंभर रुपयांचं. मी त्याचे साठ टक्के घेतले. वाजवी किती द्यायला हवेत?"

"साठ."

"पण मी सत्तर दिले. का?"

नागम्मांनी विचार केला. "दुकान चालतंय म्हणून. गिऱ्हाईक नाव ऐकून येतंय."

"ते दहा म्हणजे गुडविल. आता दुकान मी चालवणार, म्हणून माझ्या वहीत मी ते सगळंच्या सगळं लिहिते, पूर्ण शंभर. पण त्यातले चाळीस माझे नाहीत. म्हणून समोरच्या बाजूला लिहावं लागतं, चाळीस दुसऱ्याचे. ताळेबंदात त्या ओळीला 'नियंत्रण नसलेला हिस्सा' म्हणतात."

"म्हंजे मी."

"म्हणजे तुम्ही."

नागम्मांनी खरेदीच्या वर्षाच्या अहवालात ती ओळ बोटाने शोधली. छापील अक्षरांखाली त्यांचं नाव कुठेच नव्हतं, फक्त आकडा होता. चार कोटी. त्या थोडा वेळ तिथेच बघत राहिल्या.

"आता खरे आकडे घेऊ," सिंधुताई म्हणाल्या. "अमरेशने दिले अकरा कोटी. गुडविल दोन कोटी. हे बँकेला माहीत आहे, छापलेलं आहे. अकरातले दोन नावाचे. मालमत्तेचे किती?"

"नऊ."

"हे नऊ कोटी साठ टक्क्यांचे. पूर्ण कंपनी कितीची?"

नागम्मांनी डोळे मिटले. तीस वर्षं त्यांनी घाण्यावर शेंगदाणा आणि करडीचा हिशेब तोंडी केला होता. "साठाला नऊ... तर दहाला दीड. शंभराला पंधरा. पंधरा कोटी."

"आणि चाळीसला?"

"सहा," नागम्मा म्हणाल्या आणि त्यांचे डोळे उघडले.

पोऱ्या नसलेल्या त्या हॉटेलात मालकच चहा घेऊन आला, ठेवून गेला. दोघींनीही पेल्याला हात लावला नाही.

कागद चोरीला गेला होता. त्यावरचा आकडा मात्र सहा वर्षं सगळ्यांच्या समोर छापलेला होता.

"वहीत तर चार हाय," नागम्मा हळूच म्हणाल्या.

"आणि मूल्यांकन दहाचं असतं तर दहाचे साठ टक्के सहा. अकरातून सहा गेले, गुडविल पाच यायला हवं होतं. पण ते दोनच आहे. म्हणजे गुडविल काढताना पंधरा धरले आणि तुमचा हिस्सा काढताना दहा."

"मग मधले दोन कोटी गेले कुठं?"

सिंधुताईंनी तोच पहिल्या वर्षाचा अहवाल पुढे ओढला आणि पेन्सिलीचं टोक एका ओळीवर ठेवलं. हलगरे समूहाच्या स्वतःच्या राखीव निधीत एक बारीक नोंद होती. 'एकत्रीकरण राखीव, दोन कोटी.' दुसऱ्या वर्षी तीच. तिसऱ्या वर्षी तीच. सहा वर्षांत ती नोंद एका रुपयाने हलली नव्हती. या वर्षीच्या मसुद्यात मात्र ती ओळच नव्हती. दोन कोटी सर्वसाधारण राखीव निधीत मिसळून टाकले होते.

"असा राखीव कधी निघतो माहिताय? कंपनी स्वस्तात मिळाली तर. आणि गुडविल कधी? महाग पडली तर. एकाच खरेदीत दोन्ही कसं निघेल? एक तर महाग, नाही तर स्वस्त."

नागम्मांचा चेहरा घट्ट झाला. "अमरेशनंच केलं."

"त्याने केलं असतं तर हे सहाही अहवाल त्याने माझ्या हातात का दिले असते? त्याला त्यातलं पहिलं पानच कळतं, हे तो खरं सांगत होता."

"मग?"

सिंधुताईंनी चहाचा घोट घेतला. गार झाला होता. "आधी तुमच्या भाचीला भेटू."

५

मुखेडला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. वर्षाराणी ओसरीत तूर निवडत बसली होती. सिंधुताई तिच्याशेजारी खालीच बसल्या आणि सुपातले खडे वेचू लागल्या.

"मी तुला फाईलीचं विचारणार नाही," त्या म्हणाल्या. "तू ती जडच परत दिलीस, हे मला कळलंय. एकच सांग. एका खरेदीत गुडविल आणि राखीव दोन्ही कसं, हा प्रश्न तुला पडला म्हणून तू फाईल काढलीस ना?"

वर्षाराणीचे हात थांबले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, तुझ्या मावशीचे दोन कोटी हायत ते," नागम्मा म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्तच लागला. "तुला ठावं होतं?"

"पाच तारखेला कळलं, मावशी."

"आणि तू गप बसलीस?"

"मी दुसऱ्याच दिवशी विचारलं," वर्षाराणी म्हणाली. "ज्यांना विचारायचं त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, चार दिवस दे, मी बघतो. त्यांनी कधी कुणाचा पैसा खाल्लेला नाही, मावशी. मला ताळेबंद वाचायला त्यांनीच शिकवलं. मला वाटलं, ते दुरुस्त करतील. मग फाईलच गेली. आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं तेव्हा ते तिथंच उभे होते."

"काही बोलले?"

तिने मान हलवली. नाही.

"नाव सांगशील?"

"नको, ताई. त्यांनी स्वतः सांगावं. त्यांच्याऐवजी मी सांगितलं तर मग काय राहिलं?"

सिंधुताईंनी आणखी आग्रह केला नाही. नागम्मा मात्र भाचीकडे नव्याने पाहिल्यासारखं पाहत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी सूप तिच्या मांडीवरून उचललं आणि म्हणाल्या, "ऊठ. चार घास खा. दोन दिवस उपाशीच हायस."

६

शुक्रवारी अकरा वाजता मीटिंग रूममध्ये अमरेश, भुजंगराव, नागम्मा, सिंधुताई आणि वर्षाराणी बसले होते. हैदराबादचे वकील बारा वाजता येणार होते. वर्षाराणीला पाहून अमरेशच्या कपाळावर आठी पडली. सिंधुताईंनी मलप्पालाही आत बोलावून घेतलं आणि खुर्ची दिली. तो बसला नाही, भिंतीला टेकून उभा राहिला.

"फाईल जड परत आली," सिंधुताईंनी सुरुवात केली. "मलप्पा सांगतील."

मलप्पाने सांगितलं. अमरेशने आधी त्याच्याकडे, मग वर्षाराणीकडे पाहिलं.

"म्हणजे कागद काढले ते किल्ली असलेल्या माणसाने. ज्याला कागद नष्ट करायचे असतात, तो फाईल सगळीच नेतो. इथे जागेवर कोरे कागद ठेवले. त्या माणसाला फक्त वेळ हवा होता. मला वाटतं, मूळ कागद अजून शाबूत आहेत."

"पण कशासाठी?" अमरेश म्हणाला.

सिंधुताईंनी फळ्यावर अकरा आणि दोन हे आकडे लिहिले आणि खडू नागम्मांपुढे धरला. "तुम्ही सांगा."

नागम्मा उठल्या नाहीत. बसल्या जागेवरूनच त्यांनी सांगितलं. अकरातून दोन गेले नऊ. साठाला नऊ, तर शंभराला पंधरा. चाळीसला सहा.

अमरेशने दोनदा बोटांवर मोजलं. "सहा? मग आपल्या वहीत चार कसे?"

"सहा वर्षांपूर्वी तुम्ही हिशेबाची नवी मानकं लावली. जुन्या रीतीत उरलेल्या भागधारकाचा हिस्सा विकत घेतलेल्या कंपनीच्या वहीतल्या जुन्या किमतीवर काढायचे. मुखेडची जमीन वहीत चाळीस वर्षांपूर्वीच्या भावाने होती, म्हणून दहा. नव्या रीतीत जमीन खरेदीच्या दिवशीच्या बाजारभावाने धरायची, म्हणून पंधरा. कुणीतरी गुडविल नव्या रीतीने काढलं आणि काकूंचा हिस्सा सवयीने जुन्या रीतीने. ही चोरी नव्हती. चूक होती. दोन बाजू दोन कोटींनी जुळेनात, म्हणून फरक राखीव म्हणून टाकला. बेरीज जुळली. ऑडिटरनेही बेरीजच पाहिली."

"चूक करणाऱ्याला ती सहा वर्षं माहीत नव्हती. माहीत असती तर ती ओळ पहिल्याच वर्षी दडवली असती. ती ओळ या वर्षीच्या मसुद्यात गायब झाली. म्हणजे त्याला हे आत्ता कळलं. आणि तो मला म्हणाला, गुडविल दोन आणि मूल्यांकन दहा. दोन्ही एका दमात. जन्मभर आकड्यांत राहिलेल्या माणसाला हे दोन आकडे शेजारी नांदत नाहीत हे कळत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही."

त्यांनी नाव घेतलं नाही. वर्षाराणी टेबलाकडे बघत होती.

भुजंगराव उठले. खिशातली दोन्ही पेनं काढून त्यांनी टेबलावर ठेवली, जणू ती परत करायची होती. मग पायाशी ठेवलेल्या कापडी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. मलप्पा भिंतीपासून पुढे सरकला. लांबूनच त्याच्या हाताने तो ओळखला असावा.

"अठरा दिवस हे घेऊन फिरतोय," भुजंगराव म्हणाले. "फाडायला गेलो, हात चालला नाही. कधी साधं व्हाउचर फाडलं नाही मी. पोरीनं विचारलं, काका, एका खरेदीत दोन्ही कसं? मला एका क्षणात दिसलं. त्या वर्षी ताळेबंदाचा शेवटचा दिवस होता. दोन कोटींचा फरक काही सापडेना. नंतर बघू म्हणून राखीवात टाकला. नंतर कधीच आलं नाही."

"मला सांगायचं की," अमरेश म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, पण धक्का जास्त होता. "मी काय तुम्हाला फासावर दिलं असतं?"

"सांगणार होतो. रोज तुमच्या केबिनपर्यंत यायचो. बाजारात लोक म्हणतात, भुजंगरावांची बेरीज पुन्हा मोजायची नाही. बासष्टाव्या वर्षी माणसाकडं दुसरं असतं काय, साहेब? वाटलं, सौदा होऊन जाईल, कंपनी हैदराबादला जाईल, कुणी जुनं उकरणार नाही." ते वर्षाराणीकडे वळले. "त्या दिवशी तुझं नाव घेतलं, तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. पैशाची चूक झाली ती झाली. हे मात्र मी कळून केलं."

वर्षाराणी रडू लागली. नागम्मांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण नजर भुजंगरावांवरून काढली नाही.

७

अमरेशने आधी वर्षाराणीची माफी मागितली. सगळ्यांसमोर आरोप केला होता, म्हणून माफीसाठी त्याने हिशेब विभागातल्या सगळ्यांना आत बोलावलं. ते झाल्यावर तो नागम्मांकडे वळला.

"काकू, सहा आणि एक, सात कोटी. मसुदा बदलतो. वकील बाराला येतायत."

नागम्मांनी पेन हातात घेतलं. मग ते मसुद्यावर आडवं ठेवलं.

"अमरेश, मी सही करणार न्हाई."

"काकू! भाव कमी वाटतोय का?"

"भाव करारापरमाणं हाय. तुझं कायच चुकलं न्हाई. पण बुधवारपर्यंत मला वाटायचं, माझ्या हातात कायच न्हाई. चाळीस टक्के म्हंजे मीटिंगला जायचं, चहा प्यायचा, सही करायची. म्हणून विकून मोकळं व्हायचं होतं. परवा चाकूरला मी पहिल्यांदा ती ओळ वाचली. आता जी वस्तू मला आत्ता कुठं दिसाय लागली, ती आजच विकू?"

अमरेशने डोक्याला हात लावला. हैदराबादवाले थांबणार नाहीत, असं तो म्हणाला. पुढे झालंही तसंच. त्यांनी औसा रोडवरची दुसरी मिल घेतली आणि अमरेश तीन महिने नागम्मांशी धड बोलला नाही. पण त्या दिवशी त्याने तो विषय ताणला नाही. त्याच्यापुढे दुसरा प्रश्न होता.

"आणि यांचं काय करू?" त्याने विचारलं. भुजंगराव दारापाशी उभे होते. राजीनामा त्यांनी तिथल्या तिथे, वळणदार अक्षरात लिहून दिला होता. "पैसा तुमचा होता. तुम्ही सांगा."

"पोरीला इचार. नाव तिचं गेलं होतं."

वर्षाराणीने डोळे पुसले. "चूक दुरुस्तीची टीप त्यांनीच लिहावी," ती म्हणाली. "ताळेबंदात, मागच्या काळातली चूक म्हणून, आकड्यांसकट. सगळ्यांना वाचता येईल अशी. मग मी त्यांच्या हाताखाली काम करीन."

राजीनाम्यापेक्षा ही शिक्षा जड होती, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. छापलेला ताळेबंद बाजारात फिरतो. सिंधुताईंनी भुजंगरावांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "लिहितो," ते म्हणाले.

"आणि माझं एक," नागम्मा म्हणाल्या. "दर साली ताळेबंद झाला की मुखेडला यायचं. मला बसून वाचून दाखवायचा. पहिल्या पानापासून."

टीप छापली गेली. एकत्रीकरण राखीवातले दोन कोटी कमी होऊन नियंत्रण नसलेल्या हिश्श्यात गेले. बाजारात आठवडाभर चर्चा झाली. काही जण हसले. एक-दोन जुने व्यापारी भुजंगरावांना भेटून गेले आणि हिशेबाचं काही न बोलता पेंडीच्या भावावर बोलले.

पुढच्या सप्टेंबरात भुजंगराव लातूरहून एसटीने मुखेडला आले. ओसरीत सतरंजी होती, वर्षाराणी सुट्टी काढून आली होती. नागम्मांनी चष्मा लावला. भुजंगराव वाचू लागले, आधी सावकाश, मग जुन्या सवयीने भराभर. मालमत्ता, देणी, राखीव. चौथ्या पानावर नागम्मांनी हात वर केला.

"थांबा. ह्यो आकडा कुठून आला?"

भुजंगरावांनी ती ओळ पाहिली. बरोबर होती. त्यांना ती पाठ होती. तोंडी सांगता आली असती.

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, कोरा कागद गुडघ्यावर घेतला आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.